निर्मळरावांची सफाई

आमच्या छापखान्यात एक निर्मळराव होते. हे नाव आम्हीच ठेवलेलं. शाईने काढलेली चित्रं स्कॅन करायची, कागदाचा पिवळटपणा आणि धूळ काढून टाकायची आणि नुसती काळी रेघ रंग भरणाऱ्या बाईंकडे पाठवायची, एवढंच त्यांचं काम. पण रुबाब असा, की चित्रकार जणू यांना साफ करायला मिळावं म्हणूनच कागद मळवतात. मूळ स्कॅन बाजूला जपून ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटे. "चुकणाऱ्याने ठेवावी जुनी प्रत," म्हणायचे.

माझ्या धाकट्या बहिणीचं पुस्तक त्यांच्याकडे आलं. साठीत चित्रं काढायला मिळालेलं तिचं पहिलंच पुस्तक, आणि संध्याकाळी ते छपाईला जायचं होतं. मधल्या जोडपानावर चाळीस पक्षी होते. प्रत्येकाचा डोळा म्हणजे टाकाचं एकच टिंब.

दुपारी ती बघायला आली आणि स्क्रीनसमोर उभीच राहिली.

"यांचे डोळे कुठे गेले?"

"कसले डोळे? बारीक कचरा होता. काढला."

"अहो, पक्ष्याला डोळा असतो."

"मग ठळक काढायचा, ताई. मला काय स्वप्न पडतं?"

मी शेजारच्याच टेबलावर मुद्रितं तपासत होतो. तोंड उघडायला हवं होतं. मी स्वल्पविराम शोधत बसलो.

बहिणीने वाद घातला नाही. चित्रावर पारदर्शक कागद ठेवून तिने फक्त चाळीस डोळे काढले आणि म्हणाली, "हे स्कॅन करून पक्ष्यांवर बसवा."

निर्मळरावांनी स्कॅन केलं आणि हाताच्या सवयीने धूळही काढली. स्क्रीनवर पांढराशुभ्र कागद आला. ते समाधानाने मागे रेलले. "बघा, एक डाग नाही."

"जरा उठता का?" बहीण म्हणाली.

तिने मूळ चित्र स्वतः स्कॅनरच्या काचेवर ठेवलं, स्क्रीनवर कागदाचा पिवळटपणा काढला आणि धुळीच्या वाटेला गेली नाही. रंग भरले गेले, पुस्तक वेळेवर छापलं. पक्ष्यांना डोळे आहेत. वर आकाशात धुळीचा एक कण मात्र राहिला.

निवृत्त होईपर्यंत निर्मळराव प्रत्येक नव्या माणसाला ते पान उघडून दाखवत आणि त्या कणावर बोट ठेवत.

"मी खुर्चीवरून उठलो होतो ना, तेव्हाचं हे काम."