एका पासपोर्टवर दोन अर्ज

आमच्या वोनोसोबो गावात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो आणि वर त्याचा टेंभाही मिरवतो. या सभ्यपणापायी किती जणांची वाट लागली, ते विचारायची सोय नाही. विचारणंही असभ्यच.

वेनिंग अशीच सभ्य. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली पोरगी. डोंगरी पपई पाकात घालून बाटल्या भरणाऱ्या एका लहानशा कारखान्यात सात वर्षं ऑर्डरी घेत होती आणि हात मोकळा असला की लेबलं चिकटवत होती. तिला मागणी घालून गेलेला सेतो दोन वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला गेला, सुट्टीत फिरता फिरता काम करायच्या व्हिसावर. सुट्टी कसली डोंबलाची! डार्विनजवळच्या बागेत आंबे उतरवून अंगावर चीक उतवून घेत होता. फोटो मात्र असे पाठवायचा की बाग याच्या बापाची. दुसऱ्याच्या गाडीला टेकून, काळा चष्मा लावून, खाली ठरलेलं वाक्य: ‘लवकर ये.’ वेनिंग ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचायची. सेतोने ते लिहिल्यावर कधी पुन्हा वाचलं असेल असं मला वाटत नाही.

तिलाही तोच व्हिसा हवा होता, आणि तो एकतीस पूर्ण व्हायच्या आत मागावा लागतो. तिच्या वाढदिवसाला सतरा दिवस उरले होते. त्याआधी सरकारी शिफारसपत्र लागतं आणि त्याचे अर्ज वर्षातून एकदाच, सकाळी दहाला, संगणकावर उघडतात. दहा-बारा मिनिटांत जागा संपतात. सगळा देश तुटून पडतो, म्हणून त्याला सगळे ‘लढाई’च म्हणतात. यंदा हुकलं की संपलं.

लढाई म्हटल्यावर गल्ली मागे राहते की काय? गल्लीप्रमुखांची बायको, बू हर्निंग (बू म्हणजे काकू), आदल्या दिवशी दारात हजर. “अगं, एकटीने काय करणार तू? आम्ही सगळे बसू की गितोच्या नेट कॅफेत! एकाचं नाही लागलं तर दुसऱ्याचं लागेल. नाहीतर तू बसशील इथे लोणच्यासारखी मुरत, आणि तो तिकडे कांगारूशी संसार थाटेल!”

नियम स्वच्छ लिहिला होता: एका पासपोर्टवर एकच अर्ज. वेनिंगने तो चार वेळा वाचला होता. “नको, बू,” एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण ती हसली, म्हणाली, “तुम्हाला उगाच त्रास...” आणि पासपोर्टच्या सहा प्रती काढून आणल्या.

सकाळी साडेनऊला गितोच्या कॅफेत लग्नघर झालं होतं. आईने तेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्यांची, भजी आणि हिरव्या मिरच्यांचा ढीग आणला होता. ‘रात्री’ नावाची चुलत बहीण पहिल्या संगणकावर, बू हर्निंग दुसऱ्या, आणि शेवटच्यावर पाकदे कार्सो, म्हणजे वेनिंगच्या वडिलांचे थोरले भाऊ. पाकदेंनी आयुष्यभर टपाल कचेरीत शिक्के मारले. टायपिंगही एकाच बोटाने, शिक्का मारल्यासारखंच.

“ऐका,” वेनिंग म्हणाली, “एकाचा अर्ज लागला की बाकीच्यांनी लगेच थांबायचं हं.”

“हो, हो, हो!” सगळे एका सुरात. पाकदेसुद्धा.

दहा वाजून चार मिनिटांनी चुलत बहीण किंचाळली, “लागला! ताई, लागला!” बू हर्निंगने टाळ्या पिटल्या, आईने डोळ्यांना पदर लावला. सगळ्यांनी हात उचलले. शेवटच्या संगणकावर मात्र टक... टक... चालूच होतं.

सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांना कळलं. पण वडीलधाऱ्या माणसाचा हात धरायचा कुणी? बू हर्निंग छताकडे पाहू लागली. गितो, ज्याचा तो संगणक, त्यालाही अचानक प्रिंटरची धूळ दिसली. शेवटी वेनिंग पुढे झाली. आपलं सबंध आयुष्य त्या म्हाताऱ्या बोटाखाली आहे हे दिसत असताना तिने काय म्हणावं?

“पाकदे, थोडा चहा घेता का?”

“हे झालं की घेतो, पोरी,” पाकदे प्रेमाने म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली. या पासपोर्टवर आधीच अर्ज आहे, चौकशी होईपर्यंत दोन्ही अर्ज थांबवले आहेत. पाकदेंना चष्म्यातून नीट दिसलं नाही. “माझाही लागला का?” त्यांनी विचारलं. आणि वेनिंग म्हणाली, “हो, पाकदे. आभारी आहे.” मी तिथे असतो तर डोकं आपटून घेतलं असतं. अर्थात तेही मनातल्या मनात.

दुपारी तिने कारखान्याच्या मागच्या ओट्यावर बसून सेतोला फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं. पलीकडे गडी सुटलाच.

“रडू नकोस गं. देवाची मर्जी. आणि खरं सांगू? इथे तरी काय ठेवलंय? ऊन, माशा, एका खोलीत पाच जण. तुला झेपलं नसतं. तिथे आई आहे, नोकरी आहे. झालं ते एका परीने बरंच झालं!” बोलता बोलता तो हसला. दोन वर्षांत इतका मोकळा तो कधी बोलला नव्हता. ‘लवकर ये’ लिहिणाऱ्याने काही उपाय आहे का, एवढंसुद्धा विचारलं नाही.

वेनिंगने डोळे पुसले. “सेतो, अर्ज रद्द नाही झालेत. नुसते थांबवलेत.”

पलीकडचं हसू तिथेच बंद पडलं. “म्हणजे... अजून होऊ शकतं?”

त्या प्रश्नात जीव गोळा झाला होता, पण आशेने नव्हे. सुटका होता होता राहिलेल्या माणसाचा आवाज होता तो. कारण काय होतं ते सेतोलाच ठाऊक. दोन वर्षं याला ‘येऊ नकोस’ म्हणवलं नाही, कारण हाही पडला आमच्याच गावचा सभ्य. तिच्या एकतिशीवर सोपवून स्वस्थ बसला होता भेकड.

“बघू,” वेनिंग म्हणाली आणि फोन ठेवला. तिला राग आला. सेतोचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

आठवड्याने पत्र आलं. आधीचा अर्ज ग्राह्य, नंतरचा रद्द, मुलाखतीला यावं. गल्लीत पुन्हा भजी झाली. पाकदे भेटेल त्याला सांगत सुटले की आपण दुसरा अर्ज टाकला म्हणूनच पहिला पक्का झाला.

“सेतोला कळवलंस का गं?” आईने विचारलं.

“नाही,” वेनिंग म्हणाली. आई दचकलीच. इतकं सरळ ‘नाही’ तिने पोरीच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मुलाखतीच्या रांगेत सगळ्या एकमेकींना पढवत होत्या. कुणाचा नवरा तिकडे, कुणाचा मित्र. तिकडे आपलं माणूस आहे असं कळलं की साहेबाला वाटतं ही परत यायची नाही, म्हणून तिथे सगळ्याच बिनधास्त खोटं बोलतात.

“कुठे जाणार?” साहेबाने मान वर न करता विचारलं.

“टास्मानियाला. सफरचंदांच्या बागांत.” नकाशात डार्विन अगदी वर आहे आणि टास्मानिया अगदी खाली.

“तिकडे तुमचं कोणी आहे?”

“नाही. कोणीही नाही.”

सकाळपासून अकरा जणींकडून हेच ऐकलेल्या साहेबाने आता मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “सगळ्या असंच सांगतात,” तो म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.