दीपमालाचं पुढचं दार

दीपमाला ब्लाउज बेतायला बसली की तिच्या कात्रीला उसंत नसते, आणि त्या रविवारी तर ती चक्क घर बेतत होती! औरंगपुऱ्यातल्या भाड्याच्या घरात, पलंगभर वर्तमानपत्रं पसरून. स्वयंपाकघर कापलं, न्हाणीघर कापलं. चाकाची खुर्ची वळायला लागते तेवढी कागदाची गोल चकती कापून प्रत्येक खोलीत फिरवून बघितली. फिरली की ती टाळी वाजवायची.

अपघातात पाय गेले तरी घर हेच. खाली तिचं शिवणाचं दुकान, वर दोन खोल्या, मध्ये अरुंद जिना. नवरा इंद्रजीत शेंद्र्याच्या कारखान्यातून सुटून आला की तिला उचलून वर नेणार. तोवर बाई शटर ओढून खाली बसलेली. तो कधी कुरकुरला नाही. पण आपल्याच घरी जायला कुणाची तरी वाट बघायची, याची तिला मनस्वी चीड होती. आता चिकलठाण्याच्या पुढं त्यांचा प्लॉट झाला होता आणि तिची अट एकच होती: पुढच्या दारानं, स्वतःच्या हातांनी, घरात जायचं.

घोडं अडलं ते जोत्यापाशी.

"जोतं तीन फूट पायजे," सासूबाई दगडाबाईंनी ठणकावलं. त्या मूळच्या करमाडच्या. बोलणं एक घाव दोन तुकडे. "दर डांबराला रस्ता वर येतो अन् घर खाली जातं. मंग समद्या गल्लीचं पाणी आपल्या घरात."

नकाशा काढायला आलेली तरुण आर्किटेक्ट अश्लेषा मान हलवत म्हणाली, "आजींचं खरंय हो. पण खुर्ची एकटीनं चढवायची तर एका फुटाला बारा फूट उतार लागतो. म्हणजे छत्तीस फूट रॅम्प. दारापुढं एवढी जागाच नाही."

"मग मागून काढू की, मोरीकडून," इंद्रजीत भाबडेपणानं बोलून गेला.

कात्री थांबली. "मागून?" दीपमाला म्हणाली. "घर माझं, अन् मी चोरावाणी मागच्या दारानं शिरू?"

बिचारा इंद्रजीत चहा टाकायला उठला. दीपमालानं रागारागात रॅम्पच्या मापाची लांब पट्टी कापली आणि कागदाच्या दाराला लावली. पट्टी पलंगाखाली लोंबायला लागली. मग गळ्याला पट्टी लावताना कोपऱ्यावर मोडतात तशी तिनं ती मोडली, आणि घराच्या कडेनं वळवली.

"ताई, हलवू नका!" अश्लेषा उडालीच. "बाजूनं न्यायचा! कोपऱ्यावर खुर्ची वळायला सपाट जागा ठेवायची!"

"अन् कडेला कठडा!"

"कठड्यालगत मोगरा!"

दोघी एकदमच बोलत होत्या, कोण काय म्हणतंय ते त्यांनाच कळत होतं. चहा तसाच गार झाला.

जोतं भरलं, दाराची चौकट उभी राहिली, रॅम्प झाला, पाणी मारून मारून पक्का झाला. सगळे बघायला गेले. गोकुळ मिस्त्री पुढच्या दारासमोर दोरी धरून उभा होता. नकाशात तिथं पायऱ्याही होत्या, चालत्या माणसांसाठी. दीपमालाची त्याला काहीच हरकत नव्हती. तिला तिची वाट मिळाली होती.

"आजी, पायऱ्या हितं घेऊ ना?" गोकुळनं विचारलं.

"कशाला?" दगडाबाई म्हणाल्या.

"पाव्हणेरावळे येतील, त्यांना लांबून वळसा पडंल."

"पडू दे. माझी सून ज्या वाटंनं घरात जाईल, तीच घराची वाट. पाव्हणा असू द्या नायतर मंत्री, समदे तिथूनच येतील."

गोकुळनं गुमान दोरी गुंडाळली. आनंदानं काय करावं ते दीपमालाला सुचेना, म्हणून तिनं सरळ चाकांना हात घातला.

"हात लावू का?" इंद्रजीत पुढं झाला.

"नाय!"

ती निघाली. दंड भरून आले, कपाळावर घाम आला, आणि ती मोठमोठ्यानं हसत होती. कोपऱ्यावर झोकात वळली, पुन्हा जोर लावला आणि थेट दाराच्या चौकटीत जाऊन पोचली.

"अगं ए, थांब की जरा!" पदर खोचून मागून येणाऱ्या दगडाबाई धापा टाकत ओरडल्या. "मलाबी येऊ दे!"

दीपमालानं खुर्ची वळवली आणि सासूची वाट बघत दारात थांबली.