कपातकाका

कोणी नोकरीला लागलं की लोक पगार विचारतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका विचारायचे, "कापते किती?" लग्नाच्या पंगतीत विचारायचे, दुधाच्या रांगेत विचारायचे, एकदा तर साखरपुड्यात खुद्द नवऱ्या मुलाला विचारलं. तो बिचारा छाती फुगवून पगाराचा आकडा सांगायला तयार, आणि काका म्हणाले, "ते असू दे गा. पीएफ कापते का?" मुलीकडची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. त्यांच्या दारावर नावाची पितळी पाटी होती, पण गल्लीत सगळे त्यांना कपातकाकाच म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं.

खापरखेड्याच्या बाजूला एका कारखान्यात ते पगारबिलं करणारे बाबू होते. काकू गेल्या, मुलगा बंगळुरात रमला, आणि निवृत्तीनंतर काका नागपुरात आमच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आले. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचे, खिशाला पेन लावायचे, आणि कुठेच जायचे नाहीत. गॅलरीत बसून खालून जाणाऱ्या प्रत्येकाला "जय भीम" घालायचे. आई कोथिंबिरीची सांबारवडी केली की वर एक ताटली पाठवायची. ती धुवूनपुसून, तासाभरात परत यायची.

मी तेव्हा एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते. पहिली पगाराची चिठ्ठी आई देवापुढे ठेवायला निघाली, तर काकांनी ती मधेच मागून घेतली. वरून स्टीलची पट्टी आणली, एकेका ओळीखाली धरली आणि मोठ्याने वाचायला लागले. डाव्या बाजूच्या कमाईकडे त्यांनी बघितलंही नाही, वाचली ती उजवीकडची कपात. "डावीकडचं सबन जगाले पाठ असते, पोट्टी. उजवीकडचं वाच. तुले कोण कोण ओळखते ते तिथं समजते." मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. माझे पैसे जातायत आणि हा माणूस खूश होतोय!

पुढे जपानमधल्या एका लहानशा गावात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. नवरा-बायको चालवत असलेला खाजगी वर्ग, शिक्षिका मी एकटी. गाव समुद्राकाठचं, वर्षातले चार महिने बर्फाचं. दिवसभर मी मुलांकडून "हाऊ आर यू" म्हणून घ्यायचे, आणि संध्याकाळी खोलीवर आल्यावर मला तसं विचारणारं कोणी नसायचं. माझं नावही कोणी घेत नसे, सगळ्यांसाठी मी नुसती 'सेन्सेई', म्हणजे बाई. कधीकधी दुकानात भात घेताना लक्षात यायचं की सकाळपासून मराठीचा एक शब्द तोंडातून गेलेला नाही. मग मी रस्त्याने मोठ्याने स्वतःशी बोलायचे. वेडीच दिसत असणार.

पहिली जपानी पगारचिठ्ठी हातात आली तेव्हा मला त्यातलं एक अक्षर कळेना. मालकांनी जमेचा आकडा आणि कराची ओळ दाखवली, वाकून हसले, झालं. मी फोटो घरी पाठवला. जवळपास पूर्ण पगार हातात, कापलेला फक्त किरकोळ प्राप्तिकर! आमच्याकडे आनंदीआनंद. बाबांनी पेढे आणले, मामांना फोन केला, "एक रुपया कटत नाही हो पोरीचा!" आईने पेढे वर नेऊन दिले, तेव्हा काकांनी तिच्या फोनवर ती चिठ्ठी बघितली. पेढा तसाच ताटलीत ठेवला, असं आई म्हणाली.

रविवारी काकांचा व्हिडिओ कॉल आला. "याची उजवी बाजू कुठं हाये वं?" मी म्हटलं, इथे उजवी-डावी नसते, वर कमाई आणि खाली कपात. "बरं, मंग खाली हे खाने छापून हायेत आन् आत भोपळे काहून? खाने हायेत म्हणजे काही कापाले पायजे. तुह्या शेजारच्या बाईले विचार, हे कायचे खाने होत." शेजारच्या आजींना विचारलं. आरोग्याचा विमा, निवृत्तीवेतन, बेकारीचा विमा. तिन्ही ठिकाणी शून्य.

तेव्हापासून काका दर रविवारी मला विचारायला लागले, या आठवड्यात किती वर्ग झाले, कधी सुरू, कधी संपले. मला वाटलं एकट्या माणसाला बोलायला विषय हवा. नागपुरात पंचेचाळीस डिग्री असायचं, आणि माझा आवाज नीट ऐकू यावा म्हणून ते कूलर बंद करून बसायचे. घामाने बनियन ओलं व्हायचं. मी म्हणायचे, "काका, लावा ना कूलर." "थांब न. पयले गुरुवार सांग." दोन महिन्यांनी त्यांनी हिशेबाचा कागदच कॅमेऱ्यासमोर धरला. जपानी त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते. चिठ्ठीवर माझे तास होते त्याहून बरेच कमी लिहिलेले होते. अर्धवेळ शिक्षिका दाखवली की विमा भरावा लागत नाही, ही युक्ती त्यांनी नागपुरात बसून पकडली.

"मालकाले सांग, मले नोंदवा म्हणून."

मी टाळलं. करार वर्षावर्षाचा. मालक रागावले, त्यांनी नवा करार केला नाही, तर व्हिसाही गेला आणि मीही गेले. परत येऊन सगळ्यांना काय सांगायचं? शिवाय हातात जास्त येतंय, तर कशाला उगाच खोड काढायची? मी काकांना जरा तोडूनच म्हटलं, "लोकांना पैसे कापले की त्रास होतो काका, तुम्हाला नाही कापले की होतो."

तेव्हा त्यांनी मला बुधरामची गोष्ट सांगितली. बुधराम ठेकेदाराचा मजूर. ठेकेदाराची माणसं हजेरीपट कोराच आणायची, कपातीविना. आणि मजूरच हात जोडायचे, बाबूजी, काही कापू नका, पूर्ण द्या. "मलेबी वाटलं, गरिबाचे काहून कापा. मी सही केली." एक दिवस बुधराम पहाडावरून, म्हणजे बांधकामाच्या परांचीवरून, खाली पडला. त्याची बायको काकांच्या खिडकीशी आली. काकांनी तीन दिवस सगळे कागद उलटेपालटे केले. बुधराम कुठेच नव्हता. कशातच काही कापलं नव्हतं, म्हणून कोणत्याच यादीत त्याचं नाव नव्हतं. "त्याची बायको म्हणे, बाबूजी, सात वर्सं इथं काम केलं त्यानं. मी म्हटलं, हाव बाई. आन् कागद म्हणे, कोण बुधराम? माह्या सहीनं झालं ते."

तरी मी मालकांकडे गेले नाही. भित्रीच मी. दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, वर्गाच्या दारातच बर्फावरून घसरले आणि मनगट मोडलं. दवाखान्यात त्यांनी विम्याचं कार्ड मागितलं. नाही म्हटल्यावर ती बाई गोंधळली. माझ्यासारखं माणूस तिच्या संगणकात बसतच नव्हतं. डाव्या हाताने अर्ज भरताना मला रडू फुटलं. दुखत होतं म्हणून नाही. या गावात मी दीड वर्षाहून जास्त राहत होते आणि उद्या इथून नाहीशी झाले तर कोणाच्या वहीत खाडाखोडही होणार नव्हती.

त्या रविवारी मी काकांना म्हटलं, सांगते मालकांना. काका खुर्चीत सरसावून बसले. "मंग आधी मायासंग बोलून पाह्य. मी मालक. बोल." मी इंग्रजीत सुरू केलं. काका मान खाली घालून म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यात पाहू." मला हसू आवरेना. "हासू नोको वं. मी सारी जिंदगी हेच ऐकलं, मले पाठ हाये." पाच रविवार आम्ही ते नाटक केलं. मी जगाकडून इंग्रजी वाक्यं घोकून घ्यायचे, आणि मला एक वाक्य बोलायला काका शिकवत होते.

मालकांनी ऐकून घेतलं, अवघडल्यावर इथली माणसं ओढतात तशी दातांमधून हवा आत ओढली. मग म्हणाले, हातात कमी येईल, चालेल? मी म्हटलं, चालेल. दोन महिन्यांनी चिठ्ठी आली ती भरलेल्या खान्यांची. काका पट्टी फोनच्या पडद्यावर धरून बसले आणि मी एकेक ओळ वाचली. आरोग्य. निवृत्तीवेतन. बेकारी. प्रत्येक आकडा त्यांनी माझ्यामागून पुन्हा म्हटला. शेवटी म्हणाले, "बुधरामले इतकंच पायजे होतं." आणि लगेच, "जेवली का? भाजी कोणती केली?" घरी मात्र हातात कमी येणार म्हणून आई आठवडाभर हळहळत होती.

यानंतरचं सांगायला मला लाज वाटते. मला चिठ्ठी वाचता यायला लागली होती. गावात दोनचार ओळखी झाल्या होत्या. रविवारचा फोन पंधरा दिवसांवर गेला, मग महिन्यावर. दर पंचवीस तारखेला, पगाराच्या दिवशी, काकांचा एका शब्दाचा मेसेज यायचा, "स्लिप?" आणि मी लिहायचे, "सेमच आहे काका." पाठवायला काय दोन मिनिटं लागत होती? पण चिठ्ठी मी पाठवली नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी माझी प्रत्येक ओळ वाचली, आणि मी एकदाही विचारलं नाही की काका, तुम्ही जेवलात का, मुलाचा फोन येतो का, दुपार कशी जाते.

मे महिन्यात एका दुपारी ते गेले. आई आमरसाची वाटी घेऊन वर गेली तेव्हा कूलर चालू होता आणि काका खुर्चीत होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आईचा फोन आला तेव्हा मी वर्गाबाहेर उभी होते. आत मुलं वाट बघत होती.

नागपूर गाठणं शक्य नव्हतं. गेलेल्या माणसासाठीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तरी फोनवर बघावा, म्हणून मी दोन दिवसांची रजा मागायला मालकांच्या बायकोकडे गेले. हिशेब त्याच बघायच्या. घरात मृत्यू झाला तर इथे पगारी रजा मिळते, त्यासाठी अर्जात नातं लिहावं लागतं. कोण गेलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आमच्या वर राहायचे. त्यांनी नियमांची पुस्तिका चाळली. आईवडील होते, आजीआजोबा होते, भावंडं होती. शेजाऱ्याला जागा नव्हती. बाई भल्या होत्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, आजोबा लिहा, मी काही विचारणार नाही. मी पेन टेकवलं होतं. पण ज्या माणसाने एका खोट्या सहीचं ओझं मरेपर्यंत वाहिलं, त्याच्या नावाने खोटी नोंद करायला माझा हात धजेना. मी लिहिलं, शेजारी.

दोन दिवस मी खोलीत बसून होते. फोनच्या पडद्यावर आमचंच अंगण, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, वंदना चालू. रेंज जायची, सगळे थिजायचे, मग पुन्हा हलायला लागायचे. काकांचा मुलगा समोर बसला होता. त्याच्या ऑफिसने त्याला रीतसर पगारी रजा दिली होती. नंतर मी नेहमीसारखी वर्गावर गेले आणि मुलांना विचारलं, "हाऊ आर यू?" सगळे एका सुरात म्हणाले, "आय ॲम फाइन."

पंचवीस तारखेला चिठ्ठी आली. कोणाचा मेसेज आला नाही. गैरहजेरीच्या खान्यात इतके दिवस शून्य असायचं. या वेळी तिथे दोन दिवस कापलेले होते. कपातकाका गेले तेव्हा कोणीतरी हातातलं काम टाकून, पगार कापून घेऊन बसलं होतं, याची जगात तेवढीच एक नोंद आहे. आणि ती जपानीत आहे, आमच्या गल्लीत कोणालाही ती वाचता येणार नाही.