उंबऱ्याबाहेरचा रगतप्या

सोनाळ्याच्या हैदर पिंजाऱ्याला बोलावल्याशिवाय कोणाच्या घरात जाता यायचं नाही. पाय चांगले धडधाकट होते हो त्याचे! पण गादी भरायला म्हणून आलेला हा माणूस दारातच थांबायचा, मान तिरपी करायचा आणि घशातून खर्जातला आवाज काढून विचारायचा, "येऊ काय आत?" पोरं किंचाळत माजघरात पळायची. घरची बाई हसून 'ये रे बाबा, ये' म्हणाली की मगच गडी उंबरा ओलांडायचा. कामाच्या वेळेला ही नाटकं! दुसरा कोणी असता तर लोकांनी त्याला हाकलून दिलं असतं. हैदरचं मात्र अख्ख्या गावाला कौतुक.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत. तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. सिनेमा विलायती, पण बोलणं हिंदीत. काळा झगा घातलेला एक गोरा सरदार होता. तो दिवसा पेटीत निजायचा, माणसाच्या मानेला सुळे लावून रक्त प्यायचा, आणि कितीही मारा, पुन्हा उठायचा. एवढा ताकदवान, पण घरच्यांनी 'ये' म्हटल्याशिवाय कोणाच्या दारातून आत जायची त्याला सोय नव्हती. हैदरला त्यातली हीच गोष्ट फार आवडली. पुढे तो सरदार त्याला जिकडेतिकडे भेटू लागला. एसटी स्टँडवरच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठावर तोच, व्हिडिओच्या खोलीत तोच, टीव्हीवरच्या मालिकेत तोच. जत्रेत पोरांसाठी प्लास्टिकचे सुळे विकायला आले तेही त्याचेच. शाळेतले शंकरराव गुरुजी एकदा म्हणाले, "अरे, हे सगळं एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातून निघालं आहे. लिहिणारा साहेब मरून जमाना झाला."

"साहेब मेला असन गुरुजी," हैदर म्हणाला, "पण हा काही मरत नाई."

मग त्यानं त्या सरदाराला सोनाळ्यात आणलं. गणपतीत नाटक बसवलं. गादीच्या खोळीचं काळं कापड घेऊन त्याच्या बायकोनं, सलीमानं, आतून तांबडं अस्तर लावून झगा शिवला. विलायती नाव कोणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा गावानंच बारसं केलं, रगतप्या. सिनेमात त्याच्या छातीत लाकडी खुंटी ठोकत, इथे पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी काडी आली. काडी खुपसायचं काम इंद्रभानचं. इंद्रभान म्हणजे शेजारी, कास्तकार आणि हैदरचा जिवाभावाचा दोस्त. "याले लसणाचं भेव वाटते म्हणतेत," तो मंचावरून लोकांना सांगायचा, "मंग वऱ्हाडात काहाले आला बे? इथं घरोघरी लसणाचा ठेचा. उपाशी मरशीन!" काडी लागल्यावर हैदर मरायला एवढा वेळ लावायचा की लोक ओरडायचे, "मर ना बे आता!"

तर असा हा रगतप्या. गंमत म्हणून ठीक होतं. पण गंमत कुठवर जाते ते कोणाला कळतं?

कपाशीचं बीटी बियाणं नवं नवं आलं, त्या साली एका कंपनीची जीप बाजाराच्या दिवशी गावात आली. भोंगा, बॅनर, टोप्या, सगळा थाट. त्यांना खेळ करायचा होता आणि त्यात बोंडअळीचं सोंग घ्यायला कोणीतरी हवं होतं. लोकांनी हैदरला ढकलून पुढे केलं. त्यानं आपला झगा घातला, वर हिरव्या कागदाचं अळीचं डोकं चढवलं. जमिनीवर चुन्याची रेघ मारली. आतलं ते वावर, बाहेर अळी. हैदरनं स्वतःचीच युक्ती सुचवली. "अळीनं आत येऊ काय म्हणून ईचारलं पायजे," तो म्हणाला. कंपनीच्या पुण्याकडच्या साहेबाला ती भारी आवडली. त्यानं भोंग्यावरून लोकांना शिकवलं, "अळीनं विचारलं की सगळ्यांनी जोरात म्हणायचं, नको!"

हैदर रेघेजवळ आला. मान तिरपी केली. "येऊ काय आत?"

"नोको!" सगळा बाजार गरजला.

आणि त्या गलक्याच्या शेवटी, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन उभी असलेली इंद्रभानची बायको अन्नपूर्णाबाई सवयीनं बोलून गेली, "ये भाऊ, ये."

काय हसले लोक! साहेबाचं तोंड कडू झालं. हैदर तर अळीच्या डोक्यातच एवढा हसला की कागद फाटला. अन्नपूर्णाबाईनं पदर तोंडात धरला. "आता माणूस दारात उभा राहून ईचारते तं नोको कसं म्हणाव, माय?" मग इंद्रभाननं काडी खुपसली, अळी मेली, टाळ्या झाल्या. 'ये भाऊ, ये' हे पुढे कितीतरी वर्षं गावाला चिडवायला पुरलं.

सुरुवातीची वर्षं कपाशी झाली, नाही कशाला म्हणावं? हैदरकडे गाद्यांचं कामही वाढलं. मग हळूहळू काहीतरी बिघडत गेलं, आणि एका साली ती आलीच. गुलाबी बोंडअळी. बाहेरून बोंड कसं हिरवंगार, टवटवीत; फोडलं की आत नासलेली सरकी आणि ती वळवळणारी. ज्या बियाण्याला अळी लागतच नाही म्हणून ढोल वाजवले होते, त्यालाच लागली. लोक वेड्यासारखे विषारी औषधांचे फवारे मारत सुटले. ह्यात ते मिसळा, त्यात हे. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, वारा तोंडावर. इंद्रभान पाठीवर पंप घेऊन वावरात शिरला तो डोळे चोळत घरी आला. "दिसून नाई राह्यलं मले बराबर," म्हणाला आणि ओकू लागला. गाडी करून अकोल्याला नेताना त्याचं डोकं हैदरच्या मांडीवर होतं. अकोला आलंच नाही. त्याच्या आधीच वाटेत संपलं सगळं.

तेरवी झाली. अन्नपूर्णाबाई रडली नाही. बायका भेटायला यायच्या, दारात थांबायच्या. ती नुसतं बघायची. कोणालाच 'ये' म्हणेना. भाकरीला हात लावेना. एक दिवस हैदर आला. सोंग कसलं, पण जन्माची सवय, पाय उंबऱ्यापाशी थांबलेच. तिनं त्याला पाहिलं, चेहरा पांढराफटक पडला, आणि ती उठून आत निघून गेली.

त्या घरात हैदरनं तीस वर्षं भाकर खाल्ली होती. अळीचं सोंग घेतलं म्हणून वहिनी आपल्यालाच दोष देते, असं त्यानं मनाशी धरलं. दोन दिवस त्यानं कामाला हात लावला नाही. शेवटी सलीमाच गेली तिच्याकडे, सरळ आत जाऊन जवळ बसली, आणि खरं काय ते काढून आणलं.

"तुम पे नाराज नहीं वो," सलीमा म्हणाली. "खुद को कोसती है."

अन्नपूर्णाबाई तिला म्हणाली होती, "साऱ्या बाजारानं नोको म्हटलं होतं, सलीमा. म्या एकटीनं ये म्हटलं. म्याच बोलावलं त्या अळीले घरात. माह्या मालकाले म्याच मारलं."

हैदर आधी हसला, आणि मग भिंतीला टेकून पोरासारखा रडला. शिकलेल्या लोकांनी हसायचं असेल तर खुशाल हसा. माणूस जातो तेव्हा मागे राहिलेल्याला काहीतरी कारण लागतं, आणि जे हाताला लागतं ते तो छातीशी घट्ट धरतो. हिच्या हाताला हे लागलं. आणि ते तिच्या हातात दिलं कोणी? जन्मभर दारोदार उभं राहून तो नियम गावाला कोणी शिकवला?

तो तिच्या अंगणात जाऊन बसला, समजावून सांगितलं. "वहिनी, खेळ होता तो. साऱ्या वऱ्हाडात आली अळी. तिथं कोणी बोलावली?" शंकरराव गुरुजीही येऊन बोलले, बियाण्याचं, कीटकांचं सगळं सांगितलं. तिनं दोघांचंही ऐकून घेतलं, मान हलवली. भाकर तशीच राहिली. आता ती भिंत धरून चालू लागली होती. तिची सून रुपाली हैदरला हात जोडून म्हणाली, "काका, सासूबाई हातच्या जाऊन राह्यल्या. काहीतरी करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हैदरनं ट्रंकेतून झगा काढला. कसर लागून त्याची चाळण झाली होती. सलीमा ओरडली, "पागल हुए क्या? मय्यत के घर में सोंग?" त्यानं झगा खांद्यावर टाकला आणि भर उजेडात, पांढऱ्या दाढीचा, तोंडाचं बोळकं झालेला रगतप्या गल्लीतून चालत निघाला. कोणीही हसलं नाही.

अन्नपूर्णाबाई चुलीपाशी बसली होती. हैदर उंबऱ्यापाशी थांबला. मान तिरपी केली. आवाज मात्र खर्जात जाईना.

"येऊ काय आत?"

ती बघत राहिली. ओठ सवयीनं 'ये'कडे वळले, हैदरला ते स्पष्ट दिसलं. या अल्ला, तो मनात म्हणाला, एवढी एक वेळ हिला नाही म्हणता येऊ दे.

"नोको," ती पुटपुटली.

"ऐकू नाई आलं मले. येऊ काय आत?"

"नोको!" ती भिंत धरून उठली. "नोको येऊ! जाय इथून! माह्या घरात पाय नोको ठेवू! जाय!" शेजारपाजारचे धावत बाहेर आले. ती ओरडत राहिली, आणि ओरडता ओरडता खाली बसून तिनं असा हंबरडा फोडला की ऐकणाऱ्यांचेही डोळे भरले. इंद्रभान गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती. हैदर पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे घेत गल्लीच्या टोकापर्यंत गेला. तिथे झगा काढला आणि घरी आला.

दिवेलागणीला रुपाली पळत आली. "काका, सासूबाई जेवल्या. अर्धी भाकर खाल्ली!" मग डोळे पुसत म्हणाली, "चला ना आता घरी. या म्हणते मी."

"नाई, बाई." हैदर पिंजलेल्या कापसाकडे बघत होता. "तिनं नोको म्हटलं ना मले. म्या आत गेलो तं तिचं नोको खोटं पडन. मंग वहिनी पुन्हा जेवणार नाई."

ती हळूहळू माणसांत आली. बायकांना 'ये माय, बस' म्हणू लागली. दिवाळीचा चिवडा हैदरकडे पोचायचा, ईदचा शीरखुर्मा तिच्याकडे. दुसऱ्या वर्षी तिनं इंद्रभानची गादी पिंजायला काढली. हैदरनं ती बाहेर गल्लीत, उन्हात बसून पिंजली. अन्नपूर्णाबाईनं चहाचा कप आणून उंबऱ्यावर ठेवला आणि ती आतच उभी राहिली. तिचे ओठ 'ये' म्हणायला हलले. हैदरनं घाईनं नाही म्हणून मान हलवली.

"चहा थंडा होऊन राह्यला, हैदरभाऊ," ती म्हणाली.

"हाव, वहिनी," तो म्हणाला, आणि त्यानं तो बाहेर उभ्यानंच प्यायला.