राखेने घासलेली नळी

वडील गेले तेव्हा खामगावच्या घरात उरलो आई, मी, माझी बायको आणि काचेच्या टाकीतले पाच सोनेरी मासे. मासे वडिलांचे. मला रडू आलं नाही. येईल, येईल म्हणून वाट पाहिली, तोवर तेरावं झालं. आई कोणाशी बोलत नव्हती. सकाळी टाकीसमोर बसून कणकेच्या बारीक गोळ्या तेवढ्या टाकायची. म्हणून मासे जगवायचे, एवढं एकच काम मला सुचलं.

मी पडलो सायन्सचा मास्तर. वडिलांनी मुंबईहून आणलेली पाणी तपासायची पेटी काढली. तिच्यातल्या काचेच्या नळीत टाकीतलं पाणी, त्यात औषधाचे तीन थेंब, मग रंग तक्त्याशी ताडायचा. पिवळा म्हणजे पाणी आंबट, निळा म्हणजे अल्कली, हिरवा म्हणजे ठीक.

माझा रोज निळा. उतारा म्हणून मी टाकीत लिंबू पिळलं. दुसऱ्या दिवशीही निळा, पुन्हा लिंबू. आठवड्यात चार मासे गेले. प्रत्येक मासा कढीपत्त्याखाली पुरला, हात धुतले, शाळेत गेलो. सरबतात कोण जगेल, असं बायको म्हणाली. मी तिला तक्ता दाखवला.

चौथा मेला त्या सकाळी आईने तोंड उघडलं. "काऊन मरून राह्यले रे हे?"

पाण्यात दोष आहे, मी म्हणालो.

"नळी त मी रोज भांड्याईसंगं राखेनं घासून ठेवतो. लख्ख."

वडील नळी स्वतः विसळून कोनाड्यात उपडी ठेवायचे. मी ती खरकट्या भांड्यांत टाकून द्यायचो. आणि राखेचं पाणी अल्कली असतं, हे दरवर्षी सातवीला मीच शिकवायचो. निळा रंग टाकीचा नव्हताच, नळीचा होता.

आई माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"औषधच जुनं झालं, आई. त्याचा काही भरोसा नाही."

ती "हाव" म्हणाली, मान डोलावली आणि बादली घेऊन आली. आम्ही दोघांनी टाकीचं सगळं पाणी बदललं.

दुसऱ्या दिवशी नळी भांड्यांत नव्हती. कोनाड्यात उपडी होती, नुसत्या पाण्याने धुतलेली. म्हणजे तिला कळलं होतं. मी थेंब टाकले. हिरवा. बरं वाटायला हवं होतं, पण काहीच वाटलं नाही. रंग तिने विचारला नाही, मी सांगितला नाही. तिने कणकेची गोळी टाकली. उरलेला मासा सावकाश वर आला.