अनवाणी सूड

सरांच्या बाईसाहेबांच्या हातात मी हळदीची म्हणून जी पिशवी दिली, तिच्यात हळद नव्हती.

पिशव्या दोन होत्या आणि दोन्ही आमच्या सौभाग्यवतीनं एकाच जुन्या चादरीतून शिवल्या होत्या. एकीत कुरुंद्याची हळकुंडं, सरांच्या घरी भेट म्हणून. दुसरीत मलमाच्या असतात तशा पत्र्याच्या डब्या, सरांच्या प्रयोगशाळेत द्यायच्या. डब्यांत काय होतं ते सांगतो, पण जेवायला बसला असाल तर आधी उरकून घ्या. आम्ही पोटातल्या जंतांवर संशोधन करत होतो, आणि पोटातला जंत मोजायचा तर पोटातून जे बाहेर येतं तेच तपासावं लागतं. बाईसाहेबांनी हौसेनं एक डबी उघडली. त्यांची किंकाळी मी फाटकाशी पोचलो होतो तिथपर्यंत आली. तासाभरानं प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर पिशवीतून हळकुंडं निघाली, तेव्हा सर हसले, सरांचा जावई तर टेबल धरून हसला. मीही हसलो. तिथंच चुकलं. आपल्या फजितीला आपणच हसून दिलं की लोक ती जपून ठेवतात आणि वेळेवर काढतात.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली. हिंगोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, आमचं वसमत परभणीत मोडायचं. मी तिथल्या कॉलेजात जीवशास्त्राचं प्रात्यक्षिक घ्यायचो, म्हणजे बेडूक चिरून पोरांना दाखवायचो. विद्यापीठातल्या या मोठ्या सरांनी मला हाताशी धरलं. आपल्याकडच्या बायामाणसांचं रक्त इतकं पांढरं का, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांचा अंदाज असा की ओल्या मातीतला एक जंत अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो, आतड्याला आकड्यासारखा चिकटतो आणि रक्त पीत बसतो.

तीन हिवाळे मी हेच केलं. डोंगरकड्याच्या बाजूचे तांडे, कुरुंद्याची हळदीची रानं, सगळीकडे सायकल दामटली. बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त काढायचं, नळीत आम्ल घालून ते तपकिरी होऊ द्यायचं, मग थेंब थेंब पाणी घालत रंग काचेच्या पट्टीशी जुळवायचा. जुळला की हिमोग्लोबिन कळलं. दुसऱ्या दिवशी डब्या गोळा. मग प्रत्येक माणसाचं वय, रक्त, जंत, चप्पल घालतो की नाही, सगळं कोष्टकात भरायचं. सर ते शहरात नेत, तिथं त्याची भोकं पाडलेली कार्डं होत आणि ती कार्डं मुंबईच्या कॉम्प्युटरला घालत. तो मी कधी पाहिला नाही. सरकी काढायच्या जिनसारखं काहीतरी असेल, अशी माझी समजूत.

बायकोनं एकदा विचारलं, “त्या मशिनीत आपल्या इकडच्या लोकांची नावं जातेत का वो?”

“नावं नाहीत, नुसते नंबर.”

“मग तुमचं नाव?”

“माझं संशोधनाच्या पेपरवर छापून येणार. सरांनी शब्द दिला आहे.”

तिनं ते माहेरी कळवलं. सासरेबुवांनी त्यांच्या गावात सांगितलं. एका न छापलेल्या नावाच्या जिवावर मी दोन दिवाळ्या सासरी भाव खाल्ला.

पेपर आला. वर सरांचं नाव, त्याखाली जावयाचं. हा जावई वारंगा फाट्याच्या पुढं कधी आला नव्हता. आम्ही तांड्यावर सुया टोचायचो तेव्हा तो फाट्यावरच्या हॉटेलात भजी खात बसलेला असायचा. मी पेपर पुढून वाचला, मागून वाचला. शेवटी आभार होते, त्यात जीपचा ड्रायव्हरसुद्धा होता. मी तिथंही नव्हतो.

एस्टी धरून विद्यापीठात गेलो. सर चष्मा पुसत म्हणाले, “अरे, ज्याला हळद कुठली आणि नमुना कुठला हे कळत नाही, त्याचं नाव मी पेपरवर कसं घालू?” आणि जावई पुन्हा टेबल धरून हसला.

या वेळी मी हसलो नाही. परतताना एस्टीत बसल्या बसल्या मनाशी पक्कं केलं, या दोघांचा सूड घेतल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही. दाढी वाढवायचाही विचार आला होता, पण दाढी मला शोभत नाही. घरी आलो आणि चपला माळ्यावर टाकल्या.

आपल्याकडे अनवाणी माणूस दिसला की लोक एकच विचारतात, कोणत्या देवाला बोललात? प्रिन्सिपॉलांनी विचारलं, शिपायानं विचारलं. सुडाचा देव कोणता, ते मला सांगता येईना. मी नुसतं गूढ हसायचो. शेवटी शेजारच्या बायकांनीच ठरवून टाकलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, लेकरासाठीच असणार. झालं. दर शुक्रवारी कुणीतरी येऊन बायकोची ओटी भरायला लागली. घरात नारळ मावेनात.

“तुमच्या सुडापायी रोज खोबऱ्याची चटणी खाऊन राहिलो आपण,” ती म्हणायची. “काय करायचा तो सूड करा लवकर, न्हाईतर मी त्या बायांना खरं सांगते.”

सूड काय करावा, हे मात्र सुचत नव्हतं. रोज रात्री अंथरुणावर पडून मी सरांना आणि जावयाला वेगवेगळ्या प्रकारांनी शरमिंदं करायचो. सकाळी पाहावं तर दोघंही जसेच्या तसे. तेवढ्यात सरांचा निरोप आला, मोठ्या सभेत पेपर वाचायचा आहे, पुन्हा एकदा तांड्यावरच्या डब्या पाहिजेत. माझं नाव खाऊन माझ्याचकडे मागणी! मी तडक तांडा गाठला. तिथले नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, बाजेवर बसले होते. त्यांचं लक्ष आधी माझ्या पायांकडे गेलं.

“मास्तर, आमाला तर सांगत व्हते, चप्पल घाला, जंत पायातून शिरतंय. मंग तुमीच काहून अनवाणी?”

“नवस आहे.”

“व्हय? मंग जंताला सांगितलं का, नवस हाय म्हणून?”

बाजूचे सगळे हसले. मी हसणं थांबायची वाट पाहिली आणि हळूच म्हणालो, “नाईक, या वेळी सरांची माणसं आली तर डब्या देऊ नका.”

“काहून?”

मी सगळं सांगितलं. पेपर, जावई, भजी. त्यांनी मन लावून ऐकलं.

“तुमच्यासंगं वाईट झालं, बराबर हाय,” ते म्हणाले. “पण डबी दिली की गोळी मिळती. मागल्या साली माझी सून चार पावलं चालली की बसायची. गोळ्या खाल्ल्या, आता घागर घेऊन धावती. भांडण तुमचं हाय तर तुमी भांडा मास्तर. आमच्या पोटातून नका भांडू.”

उलट त्यांच्याकडच्या डब्या गोळा करूनच परत आलो. येताना हळदीच्या रानातून, पाणी सोडलेल्या सऱ्यांतून, अनवाणी. दोन महिन्यांपासून बोटांच्या बेचक्यात अशीच खाज सुटत होती. मला वाटलं, सुडाची धग असेल.

सरांनी आणखी एक काम सांगितलं होतं. तुलनेसाठी कायम चप्पल घालणाऱ्यांच्याही डब्या हव्या होत्या. चपलावाले म्हणजे आमचा कॉलेजचा स्टाफ. प्रिन्सिपॉलांनी आपली डबी पेपरात गुंडाळून, वर दोरा बांधून शिपायाच्या हाती पाठवली, जणू प्रश्नपत्रिका. अकाउंटंटनं साफ नाही म्हटलं. त्याच्या जागी मी माझी डबी घातली. पाय अनवाणी असले तरी मनानं मी चपलावालाच होतो.

आणि डब्या टेबलावर मांडताना मला सूड सापडला. चपलावाल्यांच्या चिठ्ठ्या तांड्याच्या डब्यांवर लावायच्या, तांड्याच्या चपलावाल्यांवर. गोळ्या सगळ्यांना मिळतीलच. पण मुंबईचं ते मशीन सांगेल की जंत चपलेतून शिरतो! भर सभेत सर उभे राहतील, जावई पाणी पाजायला शेजारी उभा राहील, आणि लोक टेबलं धरून हसतील. मला इतका आनंद झाला की मी दार लावून एकटाच हसून घेतलं.

चिठ्ठ्या सोडवायच्या आधी वाटलं, चपलावाल्यांची एक डबी तरी खात्रीनं साफ आहे का ते पाहावं. सगळ्यात खात्रीची डबी माझी. काचपट्टी केली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

अंडी. पातळ कवचाची, लांबट गोल, आत दाणे. तीन हिवाळे जी पाहत आलो तीच. एवढंच की आजवर ती दुसऱ्यांची होती.

मी तसाच वाकून बसलो होतो तेवढ्यात बाहेर जीप थांबली. डब्या न्यायला सर आत आले, मागोमाग जावई. मला बाजूला सारून सरांनी डोळा लावला.

“कुणाचं हे?”

“माझं,” मी म्हणालो. चिठ्ठीवर तेच होतं.

सरांनी हळूहळू मान वळवून माझे पाय पाहिले. मला वाटलं, आता हसतील. पण त्यांचा चेहरा सोनं सापडल्यासारखा उजळला. “अरे वा! शिकलेला, जंताबद्दल सगळं ठाऊक असलेला, घरचं खाणंपिणं चांगलं, बदललं ते एवढंच की अनवाणी राहिला. असं उदाहरण शोधून सापडायचं नाही. पेपरमध्ये तुझ्यावर अख्खा परिच्छेद लिहितो!”

माझ्यातल्या सुडानं एकदम मान वर केली. “माझ्या नावानिशी?”

“छे रे. रोग्याचं नाव छापत नसतात,” सर म्हणाले. “नियम आहे.”

जावई या वेळी भिंत धरून हसला. टेबल मोकळं नव्हतं. मला त्यांनी गोळ्या दिल्या, डब्या आपल्या डोळ्यांदेखत मोजून पिशवीत भरायला लावल्या. चिठ्ठ्या बदलायची संधी गेली.

पण पिशवी! घरी हळकुंडांची तसलीच दुसरी पिशवी भरून ठेवलेली होती. बायकोचं म्हणणं, घरी आलेल्या पाहुण्याला रिकाम्या हातानं धाडू नये, मग तो चोर का असेना. या खेपेची भेट जावयाच्या घरी जायची होती. आणि या जावयाची एक खोड मला माहीत होती. भेट आली की आधी स्वतः उघडायचा आणि डोळे मिटून नाकाला लावून वास घ्यायचा.

दोघं माझ्या घरी चहाला बसले, तेव्हा मी आत जाऊन पिशव्यांना चिठ्ठ्या बांधल्या. डब्यांच्या पिशवीवर जावयाचं नाव, हळकुंडांच्या पिशवीवर प्रयोगशाळा. पहिल्या वेळी चूक होती, ही मात्र विद्या होती. पिशव्या ओसरीवर ठेवल्या आणि बायकोला सांगितलं, जीपमध्ये ठेवून ये. सर आणि जावई निघाले. जीप वळणापलीकडे गेली तशी मी माळ्यावर चढलो, चपला काढल्या, झटकल्या आणि घातल्या. पायाला काय गार वाटलं म्हणून सांगू! आजही कधी मनासारखं झालं की पायाला तसंच वाटतं, जरी मनासारखं फार वेळा होत नाही.

बायको आत आली. माझ्या पायांतल्या चपला पाहून थबकली, मग हसली.

“झाला वाटतं सूड. बरं झालं, नारळ थांबतील,” ती म्हणाली. “पण तुमी तुमीच राहिले बघा. पिशव्या पुन्हा उलट्याच केल्या व्हत्या. उचलल्याबराबर डब्या वाजल्या म्हणून मला कळलं. चिठ्ठ्या सोडून नीट बांधल्या अन् मगच जीपमध्ये ठेवल्या. एवढं शिकून माणसाला दोन पिशव्या कळत न्हाईत, मंग नाव कोण छापील तुमचं?”