बिननावाची बाटली

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात कुणाला घरी बिअर करायची हुक्की आली की तो एकनाथ पोंक्ष्यांच्या बेसमेंटमध्ये जातो, आणि गेला की पहिले दोन तास नुसत्या बाटल्या धुतो. बाटल्या तपकिरीच हव्यात, उजेड लागला की बिअरला घाण वास येतो. साबण अजिबात नाही, साबणानं फेस मरतो. पाण्यात जरासं ब्लीच आणि मग गरम पाण्यानं तीनदा खळखळून. मॉल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा, पाक हॉप्सची कडू फुलं घालून तासभर उकळायचा, झटपट निववायचा, हाताला गार लागेपर्यंत यीस्टची पुडी फोडायची नाही. बाटल्या भरताना पाच गॅलनला पाऊण कप साखर, वर एक चमचा नाही, नाहीतर बाटल्या फुटतात आणि छत पुसत बसावं लागतं. एकनाथ हे सगळं शांतपणे सांगतो. गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करणारा माणूस, घाई त्याच्या स्वभावातच नाही.

शेवटी तो मार्कर पुढे करतो. प्रत्येक बाटलीवर लिहायचं, बिअर, आणि खाली तारीख. शिकायला आलेले नवे इंजिनिअर कुरकुरतात, आपल्यालाच तर प्यायचीय, लिहायचं कशाला? एकनाथ म्हणतो, लिही. त्या एका शब्दाला त्याचा आवाज असा चढतो की समोरचा मुकाट्यानं लिहायला लागतो. कारण मात्र तो सांगत नाही. कुठल्या तोंडानं सांगणार?

झालं होतं असं. पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यात त्याची आई सुमित्राबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली. बिअर करायला ऑफिसातल्या वॉल्टनं त्याला आदल्या हिवाळ्यातच शिकवलं होतं. नीलानं, म्हणजे बायकोनं, महिनाभर आधी बजावलं होतं की एकतर ते सगळं सामान वॉल्टच्या गराजमध्ये नेऊन ठेवा, नाहीतर आईंना सरळ सांगून टाका. या पठ्ठ्यानं दोन्ही केलं नाही. चौथ्याच दिवशी आई पापडांचा डबा ठेवायला बेसमेंटमध्ये उतरली, आणि कोपऱ्यात काचेचा हा एवढा थोरला बुधला, वर नळी, नळीतून बुडबुड चाललेली. हे काय रे, तिनं विचारलं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन दिवस जेवली नसती, चार दिवस बोलली नसती, पाचव्या दिवशी निवळली असती. पण आईसमोर याची जीभ नेहमीच ऐन वेळेला दगा देते.

"आसव आहे गं," तो म्हणाला. "आजोबा करायचे तसलं."

सुमित्राबाईंचे वडील वाईचे वैद्य. त्यांचं द्राक्षासव आणि कुमारीआसव न्यायला लोक पार महाबळेश्वरहून यायचे. मुलं बँकेत चिकटली, आणि वैद्यांबरोबर सगळं संपलं. सुमित्राबाई पायरीवरच बसल्या. त्यांनी एकनाथच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या की आपल्या घरातली ही विद्या बुडाली असंच मी धरून चालले होते. त्याच दिवशी त्यांनी वाईला भावाला पत्र टाकलं. तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं. उलट त्याला बरं वाटलं, हे सगळ्यात वाईट.

मग काय, बाईंनी बेसमेंट ताब्यातच घेतलं. साताऱ्याहून आणलेली गोधडी बुधल्याला गुंडाळली, आसवाला ऊन आणि गारठा दोन्ही बाधतं म्हणून. रोज सकाळी काचेला कान लावायच्या. नळी काढून तोंडाशी पेटती काडी धरायच्या. काडी विझली की आत काम चालू आहे, जळत राहिली की झालं. दर वेळी नळी निघाली की बाहेरची हवा शिरून सगळं नासेल अशी एकनाथला धास्ती वाटायची, पण साखर मोजायच्या त्याच्या काचेच्या मापकाचा आणि आईच्या काडीचा निकाल एकाच दिवशी लागला. ती बिअर प्यायल्यावर वॉल्ट म्हणाला, इतकी चांगली तुझी आजवर झाली नव्हती, काय वेगळं केलंस?

सुमित्राबाई जेवणानंतर दोन चमचे आसव तेवढ्याच पाण्यात घालून घ्यायच्या, आधी डोळे मिटून वडिलांना हात जोडायच्या. फार कडू लागतं रे, किराईत घातलंस का, असं त्यांनी विचारलं तेव्हा एकनाथ हो म्हणाला. त्या दिवसापासून आठवडाभर नीला त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. तिचं काही चुकलं नाही.

आणि आईला एक मैत्रीणही मिळाली होती. दोन रस्ते पलीकडे शरयू राहायची, तिच्या सासूबाई पद्मिनीबाई. नागपूरच्या, कडक सोवळ्याच्या, शनिवारचा उपास चाळीस वर्षं न मोडलेल्या. दोघीही दिवसभर घरात कोंडलेल्या, नातवंडं इंग्रजीत उत्तरं देणारी. संध्याकाळी साडेसहाला पद्मिनीबाई पायात स्नीकर्स घालून दारात यायच्या आणि दोघी फुटपाथवरून तासभर चालत बोलत राहायच्या. आई इतकी हसते हे एकनाथला पस्तीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

तिथल्या मराठी मंडळाचा गणपती सप्टेंबरात एका शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये होता. पद्मिनीबाईंना वाताचा त्रास, म्हणून सुमित्राबाईंनी पिशवीतून दोन बाटल्या नेल्या, कुणाला न विचारता. औषध द्यायला कुणाला विचारायचं? आरतीनंतर हॉलच्या किचनमध्ये त्यांनी वाटीत आसव ओतलं, पाणी घातलं आणि मैत्रिणीला दिलं. उपासाला औषध चालतं, माझ्या वडिलांचं आहे, एकनाथनं स्वतः केलंय, असं कौतुकानं सांगितलं. पद्मिनीबाईंनी डोळे मिटून ते घेतलं. आजूबाजूच्या आणखी दोघीतिघींनी वाट्या पुढे केल्या. तेवढ्यात चहा न्यायला आलेल्या, मंडळातल्याच डॉक्टर श्रीरंगांनी बाटली उचलून हुंगली. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की सगळा हॉल ऐकेल.

"काकू, अहो ही बिअर आहे. बिअर पाजताय सगळ्यांना?"

लोक हसले. पद्मिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी वाटी खाली ठेवली, सिंकशी जाऊन चुळा भरल्या, पुन्हा पुन्हा भरल्या. एकनाथ मोदकांचं ताट घेऊन दारात उभा होता. आईनं त्याच्याकडे पाहिलं. तू सांग, तूच केलंयस ना, असं त्या पाहण्यात होतं. मंडळाचा तो त्या वर्षी सेक्रेटरी होता, आणि समोर सगळं गाव.

"आई," तो म्हणाला, "तू चुकीची बाटली उचललीस वाटतं."

सुमित्राबाईंनी बाटलीला बूच लावलं.

"हो," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं. हल्ली मेलं दिसत नाही नीट."

जमीन दुभंगावी आणि आपण गडप व्हावं असं एकनाथला वाटलं. पण जमीन कशाला दुभंगतेय. तो ताट घेऊन मोदक वाढत फिरला.

सोमवारी साडेसहाला पद्मिनीबाई आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. शरयूनं फोनवर ओशाळून सांगितलं की आमच्या सासूबाई फार मनाला लावून बसल्यात, चाळीस वर्षांचा उपास मोडला म्हणतात, आणि काकूंनी मुद्दाम थट्टा केली असं त्यांच्या डोक्यात बसलंय. मग सुमित्राबाई रोज साडेसहाला चपला घालून खिडकीशी बसायच्या आणि साडेसातला काढायच्या. एक महिना गेला, दुसरा लागला. एकनाथ रोज ऑफिसातून येताना ठरवायचा की आज पद्मिनीबाईंकडे जाऊन खरं सांगायचं. त्यांच्या वळणाशी आलं की गाडी सरळ घरी.

बेसमेंटमध्ये नवा बुधला लावलेला होता. आई त्याच्याकडे पुन्हा बघणार नाही असं त्याला वाटलं होतं. पण गणपतीनंतरच्या रविवारी तो खाली गेला तर गोधडी नीट खोचलेली, आणि आई शेजारी काड्यापेटी घेऊन बसलेली.

"अजून चार दिवस थांब, काडी विझतेय," ती म्हणाली. मग काड्यापेटी त्याच्या हातात देऊन उठली. "माझ्या वडिलांनी नाव न लिहिता एक बाटली घराबाहेर जाऊ दिली नाही रे. काय द्यायचं ते देत होते, पण नाव लिहून."

एवढंच. पुढे सहा आठवडे ती होती, विमानतळावर त्याच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, पण त्या विषयाचं अक्षरही काढलं नाही. गोधडी मात्र इथेच ठेवून गेली.

मंडळात तो किस्सा मुरला. दर गणपतीत कुणीतरी नव्या माणसाला सांगायचं, पोंक्षे काकूंनी सगळ्यांना बिअर पाजली, आणि एकनाथही सगळ्यांबरोबर हसायचा. चार वर्षं हसला. एकोणनव्वदच्या गणपतीत डॉक्टर श्रीरंग रंगात येऊन तेच सांगत होते, तेव्हा तो मोदकाचा घास तसाच ठेवून उभा राहिला. म्हणाला, आईनं बाटली चुकवली नव्हती, बिअर माझी होती, मी तिला आसव म्हणून सांगितलं होतं, आणि सगळ्यांसमोर तिलाच खोटं पाडलं. मग श्रीरंगांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, अरे यार, इतक्या जुन्या गोष्टीचं काय घेऊन बसलास, आणि कुणीतरी मठ्ठा फिरवायला घेतला.

त्या रविवारी त्यानं आईला सगळं लिहून कळवलं. महिन्यानं उत्तर आलं, चार ओळींचं. पाऊस बरा झाला, गुडघे तसेच आहेत, नीलाला आशीर्वाद. शेवटी लिहिलं होतं, "सांगितलंस ते बरं केलंस. पद्मिनीबाई होत्या ना रे तेव्हा तिथे?"

पद्मिनीबाई त्याच सालच्या जानेवारीत वारल्या होत्या, आणि तेही एकनाथनं आईला कळवलेलं नव्हतं.